वकिलाच्या मागचा दिवा

वकील काही खरा वकील नव्हता, ट्रक चालवायचा. पण रस्त्यात कोणी अडवलं की त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की तपासणाऱ्यालाच आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटू लागायचं. म्हणून यार्डातल्या ड्रायव्हरांनी मिळून त्याला ही पदवी बहाल केली होती. काळा कोट तेवढा द्यायचा राहिला होता.

त्याच्या गाजलेल्या केसेस यार्डात चहाबरोबर सांगितल्या जात. एकदा तपासनिसाने टायर गोटा झालाय म्हणून हरकत घेतली, तर वकील म्हणाला, "साहेब, रस्ता एवढा खडबडीत असताना टायरही खडबडीत कशाला?" एकदा केबिनमधल्या आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलेली निघाली. त्या नळकांड्याचा उपयोग वकील ओला टॉवेल वाळत घालायला करायचा. "आग लागलीच नाही, मग हे संपलं कसं?" तो म्हणाला. "न वापरलेली वस्तू नवीच असते, साहेब." आणि एकदा आरसा तडकलेला होता, तेव्हा तर कमालच. म्हणे, तडकलेल्या आरशात एका गाडीच्या तीन दिसतात, त्यामुळे माणूस उलट तिप्पट सावध राहतो.

ऐकणारे पोट धरून हसत. तपासनीसही हसत. मग हसू पुसून, जे लिहायचं ते लिहीत. यार्डात गोष्ट सांगताना हा शेवटचा भाग गाळायची पद्धत होती. वकिलाने आजवर एकही केस जिंकली नव्हती.

खरं तर रस्त्यावरच्या तपासणीत फार डोकं चालवण्यासारखं काही नसतं. दोष जिवावर बेतणारा असेल तर गाडी जागच्या जागी उभी करतात, तिथे वाद घालून उपयोग नाही. किरकोळ असेल तर हातात कागद देतात: दुरुस्ती करा, मेकॅनिकची सही घ्या, ठरल्या मुदतीत परत पाठवा. परवान्यावर साधा ओरखडाही उमटत नाही. आणि दोष आपला नाहीच असं कोणाला वाटलं, तर त्याने हरकत नोंदवावी आणि सुनावणीला यावं. तिथे जिंकला तर दोषच पुसला जातो. हरला तर मात्र परवान्यावर शेरा. शहाणी माणसं सही घेतात, कागद पाठवतात आणि विसरून जातात. वकील प्रत्येक वेळी हरकत नोंदवायचा.

त्यामुळे त्याच्या परवान्यावर आता एका शेऱ्यापुरतीच जागा उरली होती. तसं पत्रच आलं होतं. यापुढे एक शेरा, की वर्षभर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. बायकोने ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं, रोज शर्ट काढताना नजरेस पडावं म्हणून. वकील शर्ट न बघताच काढायला शिकला.

ट्रक त्याचा नव्हता, दाजींचा होता. दाजी म्हणजे वकिलाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वकील त्यांना दाजी म्हणायचा म्हणून सगळं यार्डच त्यांना दाजी म्हणायला लागलं, आणि त्या हिशोबाने ताई सगळ्या ड्रायव्हरांची थोरली बहीण झाली. मालकाला दाजी म्हणण्यात एक तोटा असतो. नात्याच्या माणसाकडे सुट्टी मागता येत नाही, आणि मागितली तर तो रागावत नाही, नुसता दुखावला जातो. दुखावले जाण्यात दाजींचा हात धरणारं कोणी नव्हतं.

यार्डाच्या फाटकावर दाजींनी हातभर उंचीच्या अक्षरांत पाटी लावली होती: 'झोपलेला चालक सुरक्षित चालक.' रंगाऱ्याने 'झोप झालेला' लिहायचं सोडून 'झोपलेला' लिहिलं होतं. दाजींनी रंगाचे पैसे वाया जातील म्हणून ती तशीच राहू दिली. पाटीच्या खालून संध्याकाळी ट्रक बाहेर पडत आणि सकाळी दुसऱ्या टोकाच्या गोदामात हजर होत. मध्ये झोपायला वेळ कुठे आहे, हे विचारणं म्हणजे दाजींना दुखावणं.

नियमाने चालकाला गाडीत एक तक्ता ठेवावा लागतो, कधी चालवलं आणि कधी झोपला याचा. तो तक्ता यार्डात ताई भरायची. आणि निघायच्या आधीच भरायची. दिवेलागणीला ऑफिसच्या खिडकीशी ती तक्ते पुढ्यात ओढायची आणि रात्रभर रस्त्यावर धावणार असलेल्या एकेका माणसाला सुवाच्य अक्षरात झोपवायची. अक्षर फार सुंदर होतं तिचं. वकिलाला तर तिनेच लहानपणी झोपवलं होतं, आई कामावर असायची म्हणून. तेव्हा थोपटून झोपवायची, आता पेनाने झोपवत होती. यात काही वाईट आहे असं तिला कधी वाटलं नाही. ऑफिसातली एक कटकट, एवढंच.

"झोपला रे तू," तक्ता हातात देत ती म्हणायची. "जा आता, सांभाळून चालव."

त्या दिवशी वकील फरशांनी भरलेला ट्रक घेऊन निघाला होता आणि त्याच्या मागे, तसाच माल घेऊन, मौनीबाबा. मौनीबाबा हा वकिलाचा जोडीदार, दोघांच्या फेऱ्या कायम बरोबर. दिवसभरात तो जितके शब्द बोलायचा तितके वकील एका श्वासात बोलायचा. तपासणीत त्याचं उत्तर ठरलेलं: "हो साहेब." टायर झिजलाय? हो साहेब. बदलणार का? हो साहेब. आणि बदलायचा. त्याच्या परवान्यावर एकही शेरा नव्हता. वकिलाच्या मते हे कणाहीनपणाचं लक्षण होतं.

उजाडल्यावर, शहर जवळ आलं तसं, रस्त्याच्या कडेला तपासणीची गाडी दिसली. तपासनिसाने दोघांनाही बाजूला घेतलं. उंच, किडकिडीत माणूस, हातात बॅटरी, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. त्याने वकिलाच्या ट्रकला एक फेरी मारली आणि मागे उजव्या बाजूला थांबला.

"मागचा दिवा बंद आहे. काचही फुटलीय."

वकील खाली उतरला. दिवा खरंच फुटला होता. पण वकिलाने आधी दिव्याकडे बघितलं नाही, तपासनिसाकडे बघितलं. लढाई ओळखायची त्याची ती पद्धत होती.

"खडा उडाला असणार, साहेब. निघताना मी स्वतः बघितला होता, लखलखत होता."

"असेल. काच बदला, सही घ्या, आठवड्याभरात पाठवून द्या. शेरा नाही पडत." तपासनिसाने कागद पुढे केला. मग तक्ता मागितला आणि त्यावर नजर फिरवली. "रात्री झोप झाली?"

"गाढ," वकील म्हणाला.

मौनीबाबा आपल्या ट्रकच्या बंपरला पाठ लावून उभा होता. त्याने जांभई गिळली. "हो साहेब," तो म्हणाला. सबंध तपासणीत तो त्या बंपरपासून हलला नाही. तपासनिसाने त्याचे टायर पाहिले, ब्रेक पाहिले आणि जा म्हणून सांगितलं.

आता एवढ्यावर गोष्ट संपायला काय हरकत होती? दिव्याची काच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि ती बसवायला मेकॅनिकला चहा संपायच्या आत जमतं. पण 'दोष' या शब्दासमोर सही करायची म्हटलं की वकिलाच्या नाकाला मिरच्या झोंबत. त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदावर सही न करता, तपासनिसाच्या देखत, 'हरकत आहे' असं लिहिलं.

"विचार करा," तपासनीस म्हणाला.

"तुम्ही करा, साहेब."

घरी बायकोने ऐकून घेतलं. मग कपाटाचं दार उघडून तसंच उघडं ठेवलं. "अहो, एका दिव्यापायी परवाना पणाला लावताय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व घरी बसलं की मग भाजी कोण आणणार, तेही ठरवा."

वकिलाने उठून कपाटाचं दार लावलं. खरं सांगायचं तर त्याच्या पोटात गोळा आला होता. बाविसाव्या वर्षापासून तो स्टेअरिंगवर होता, दुसरं काहीच येत नव्हतं. परवाना नसलेला ड्रायव्हर म्हणजे नुसता बडबड्या माणूस, आणि तसली माणसं जगात पैशाला पासरी पडलीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने ठरवलं, सकाळी जाऊन मुकाट्याने काच बदलायची आणि हरकत मागे घ्यायची.

पण सकाळी यार्डात दाजी वाटच बघत होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. वकिलाला तिथेच शंका यायला हवी होती.

"हरकत मागे घेतोयस म्हणे?" दाजींचा चेहरा दुखावण्याच्या बेतात होता. "घे बाबा. तुझा शेरा वाचतो. पण दुरुस्ती केली म्हणजे दोष कबूल केला. तो तुझ्या नावावर पडत नाही, आपल्या कंपनीच्या नावावर पडतो. फरशीवाले मोठं काम देणार आहेत, वर्षभराचं. ते आपला सगळा रेकॉर्ड बघतात. डाग दिसला की गेलं. पण असू दे, तू तुझं बघ."

"तसं नाही, दाजी."

"सुनावणीत जिंकलास तर तो दोष पुसलाच जातो. पण त्याला बोलणारा माणूस लागतो." दाजींनी सुस्कारा सोडला. "आपल्याकडे एक होता असं मला वाटत होतं."

या माणसाने आयुष्यात ट्रक कमी चालवले आणि माणसं जास्त, असं यार्डात उगीच म्हणत नसत. वकिलाची छाती फुगली. पोटातला गोळा तिथेच होता, पण छाती फुगली की पोट दिसत नाही. "साक्षीदार लागेल," तो म्हणाला.

"मौनीबाबा आहे की. तुझ्या मागेच होता. त्याने सांगायचं, दिवा शेवटपर्यंत चालू होता, तपासणीच्या जरा आधी फुटला. संपलं."

ऑफिसच्या कोपऱ्यात तक्ते भरत बसलेली ताई म्हणाली, "अहो, काच बदलून टाकू द्या ना त्याला."

"तू लिही," दाजी म्हणाले.

मौनीबाबाला सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. नाही म्हणून. असं त्याने कधी केलं नव्हतं. दाजी लगेच दुखावले गेले, आणि मौनीबाबाची मान दुसऱ्या दिशेने हलली.

सुनावणीच्या आधीच्या दिवसांत मौनीबाबा दोनदा वकिलाकडे आला. एकदा यार्डात, वकील भाषणाची उजळणी करत होता तेव्हा. "अरे वकील," तो म्हणाला, "त्या दिव्याचं असं झालं की..."

"तू त्या दिव्याची काळजीच करू नकोस," वकील म्हणाला. "तुला एवढंच म्हणायचंय, दिवा होता. पुढचं मी बघतो." आणि त्याने मौनीबाबाच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्यांदा तो सरळ घरीच आला. वकिलाच्या बायकोने पाणी दिलं. वकिलाने त्याला बसवून सगळं भाषण ऐकवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हातवाऱ्यांसकट. मौनीबाबाने दोनदा तोंड उघडलं. वकिलाला वाटलं वाहवा करतोय. पाणी पिऊन तो निघून गेला. "त्यांना काहीतरी सांगायचं होतं हो," बायको म्हणाली.

"त्याला? त्याला काय सांगायचंय," वकील म्हणाला.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि एक पंखा, जो फिरायचा पण वारा द्यायचा नाही. टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर दिवसभराच्या फायलींचा ढीग. एका बाजूला तो किडकिडीत तपासनीस. दुसऱ्या बाजूला वकील इस्त्रीचा शर्ट घालून, मागे मौनीबाबा, दाजी, आणि कंपनीचे तक्ते मांडीवर घेऊन ताई. तक्ते बरोबर आणा असं नोटिशीत होतं, आणि ताई सांगितलेलं सगळं आणणारी बाई.

तपासनीस दोन वाक्यं बोलला. दिवा बंद होता, काच फुटली होती. मग वकील उभा राहिला.

तो खरंच सुंदर बोलला. चालकाचं आयुष्य, रस्त्यावरचे खडे, पुढच्या गाड्यांच्या चाकांतून उडणारे, कोणाचीही भीड न ठेवणारे. माणूस डोळ्यांत तेल घालून पुढे बघतो, तेव्हा मागे काय फुटलं हे त्याला कसं कळावं? जो दिवा आत्ता फुटला त्याचा दोष चालकाचा कसा? दाजी मान डोलावत होते. तपासनीससुद्धा नीट ऐकत होता. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी अधिकारी वकिलाला हे म्हणत होता, आणि त्याचे कान तापले. "वाटेत नुकताच फुटला असेल तर दोष नाही धरता येत. पण आधी तो चालू होता हे कशावरून?"

"साक्षीदार आहे, मॅडम." वकिलाने मौनीबाबाकडे असा हात केला की जणू पडदाच उघडतोय.

मौनीबाबा उभा राहिला. "दिवा होता," तो म्हणाला आणि बसायला लागला.

"थांबा. तुम्हाला कसं माहीत?"

"मागे होतो."

"कुठपासून?"

मौनीबाबाने वकिलाकडे बघितलं. वकील रंगात आला होता. "सांग ना, मोकळेपणाने सांग," तो म्हणाला. "घाबरतोस कशाला?"

"यार्डापासून," मौनीबाबा म्हणाला.

"आणि दिवा कुठपर्यंत बघितला?"

"रेल्वेच्या फाटकापर्यंत. उजाडलं तिथे."

"म्हणजे संध्याकाळी निघाल्यापासून उजाडेपर्यंत हा दिवा तुमच्या डोळ्यांसमोर होता?"

"रात्रभर," मौनीबाबा म्हणाला. मग, जन्मभर साठवलेलं एकदम सांडावं तसं, तो बोलत राहिला. "दुसरं बघायला होतं काय, मॅडम? अंधार. आणि पुढे हा दिवा. त्याच्याकडे बघत होतो म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. मध्ये मध्ये एकाचे दोन दिसायचे. मग मी गालात मारून घ्यायचो."

दाजींची मान डोलता डोलता थांबली. वकिलाला काहीतरी चुकतंय हे कळलं, पण आपण जिंकतोय हेही कळत होतं, आणि दोन्ही एकदम कसं कळतंय हे कळेना.

मॅडमनी ताईकडे हात केला. ताईने तक्ते दिले. मॅडमनी ते उघडून टेबलावर ठेवले आणि त्या सुंदर अक्षरावर बोट ठेवलं. "इथे तर तुम्ही दोघे रात्रभर झोपला आहात."

दाजी पंख्याकडे बघू लागले.

"आणि फाटकापाशी काय झालं?" मॅडमनी मौनीबाबाला विचारलं. आवाज चढवला नाही.

"फाटक बंद होतं. हा थांबला. मी पण थांबलो, पण उशिरा." मौनीबाबा वकिलाकडे वळला आणि पुढचं सगळं त्याच्याशीच बोलला. "डोळा लागला होता माझा. दिवा खड्याने नाही फुटला. माझ्या बंपरने फुटला. दोनदा सांगायला आलो मी तुला."

वकिलाला तो धक्का आठवला. फाटकापाशी त्याने स्टेअरिंगवर डोकं टेकलं होतं, क्षणभरच म्हणून, आणि धक्क्याने जाग आली तेव्हा फाटक उघडलेलं होतं. त्याला वाटलं फरशा सरकल्या. तो पुढे निघून गेला होता. म्हणजे हाही झोपलेला आणि तोही झोपलेला, आणि मध्ये एक काच. वकील न सांगता खाली बसला.

आता दाजी उठले. त्यांचा चेहरा असा दुखावला होता की बघवत नव्हता. "मॅडम, मला तर धक्काच बसला," ते म्हणाले. "आमच्या फाटकावर तर पाटी आहे, झोपेची. मी सगळ्यांना सांगतो, झोपा. हे रात्रभर चालवतात याची मला काय कल्पना? आणि तक्त्याचं म्हणाल, तर तो विभाग सगळा मंडळी बघतात. मी त्यात पडतच नाही."

मंडळी, म्हणजे ताई, रिकामी मांडी घेऊन बसली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. ती भावाकडे बघत होती. तो लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा जसं बघितलं होतं, तसं.

मॅडमनी निकाल तिथेच लिहिला आणि वाचून दाखवला. मागच्या दिव्याबाबतची हरकत मान्य. दिवा प्रवासात चालू होता आणि तो चालकाच्या चुकीने फुटलेला नाही, हे साक्षीने सिद्ध होतं. दोष रद्द. वकिलाची ती पहिली जिंकलेली केस. नंतर विश्रांतीच्या खोट्या नोंदी: वकिलाच्या परवान्यावर शेरा, तो शेवटचा, म्हणून परवाना वर्षभर निलंबित. मौनीबाबाचा परवाना सहा महिने निलंबित, खरं सांगितलं म्हणून सहाच. कंपनीच्या मालकांची सुनावणी स्वतंत्र होईल, तारीख यथावकाश कळवण्यात येईल. गरिबाला निकाल लगेच मिळतो आणि मालकाला तारीख मिळते, ही कोणत्याही कचेरीची रीतच आहे, आणि दाजींनी ती तारीख उपकार मिळावा तशी वाकून घेतली.

बाहेर व्हरांड्यात तपासनीस वकिलापाशी थांबला. "काच बदलून घेतली असती," तो म्हणाला, एवढंच, आणि जिन्याकडे गेला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मौनीबाबा कठड्याला टेकून उभा होता. वकील त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चिडायचं त्याने खोलीतच ठरवलं होतं, शब्दही निवडले होते. पण त्याच्या डोळ्यांसमोरून तो पुढे जाणारा लाल दिवा आणि त्याच्याकडे बघत गालात मारून घेणारा हा माणूस हलेना. सबंध रात्र फरशांनी भरलेला एक ट्रक, अर्धवट झोपेत, त्याच्या पाठीवर होता. आणि तो गात होता. त्या रात्री वकील जागं राहायला गाणी म्हणत होता, हेही त्याला आत्ताच आठवलं.

"हॉर्न का नाही दिलास?" अखेर तो म्हणाला. "थांबलो असतो की."

"दाजी काय म्हणाले असते?"

वकिलाने मौनीबाबाच्या खांद्यावर हात ठेवला. घरी गेल्यावर बायको बोलणार होती, काय उजेड पाडलात ते सांगा म्हणणार होती, आणि ते सगळं बरोबर असणार होतं. त्याला रडायला येत होतं. रडायला येत होतं आणि झोपही येत होती, दोन्ही खरंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकील ट्रकची किल्ली परत करायला यार्डात गेला. मौनीबाबाही त्याच कामाला आला होता. फरशीवाल्यांचा माल त्या रात्री निघायचा होता. दोन ट्रक भरून उभे, बाकीचे ड्रायव्हर सुनावणीचं ऐकून कामावर आलेच नव्हते, आणि चालवायला दाजींकडे परवाना असलेला एकच माणूस शिल्लक होता, तो म्हणजे दाजी. दिवसभर ते फोन करत आणि लोकांच्या दारात हिंडत होते, पण कालची बातमी सगळीकडे त्यांच्या आधी पोचली होती. डोळे लाल झाले होते त्यांचे. तरुणपणीचा जाड कोट त्यांनी कुठून तरी शोधून अंगात घातला होता, आणि तो पोटावर बसत नव्हता.

"एक गाडी मीच नेतो," ते ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाले. "दुसरी उद्या बघू. आण तो तक्ता. माझी रात्रीची झोप लिही, म्हणजे मी निघायला मोकळा."

ताईसमोर कोरा तक्ता होता. तिने पेन हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"लिही की. मला उशीर होतोय."

ताई हलली नाही. दाजी वकिलाकडे वळले. "अरे, तू तरी सांग हिला. तुझ्याइतकं बोलता कोणाला येतं?"

वकिलाला तेव्हा एकदम दहा मुद्दे सुचले, त्यातले दोन तर चांगले होते. त्याने मौनीबाबाकडे बघितलं. मग टेबलावर किल्ली ठेवली आणि तोंड मिटून उभा राहिला.

ताईने पेन खणात टाकलं आणि आतल्या खोलीतल्या खाटेकडे हात केला.

"आधी झोपून या," ती म्हणाली. "उठलात की लिहिते."